मानाचं बूड

अंत्सिराबे,
५ जून १९७४

प्रिय साहुंद्रा,

सगळं उत्तम पार पडलं. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, म्हणजे पाय प्लास्टरमध्ये घालून पडल्या पडल्या तू जिवाला घोर लावून घेणार नाहीस. तुझे चुलत सासरे रापौलीकाका आणि माझे बाबा यांची चांगली गट्टी जमली. आपली शाळेपासूनची मैत्री आता सोयरिकीत बदलायला हरकत नाही असं मला वाटतं. बाबा तसं अजून म्हणाले नाहीत, पण म्हणतील.

पेंटेकॉस्टच्या सोमवारी सकाळी तुझा लेक हेरी मित्राची जुनी गाडी घेऊन दारात हजर. रापौलीकाका कोट, हॅट आणि वर पांढरी लांबा शाल पांघरून उतरले. बाबाही तसेच नटून पायरीवर उभे. दोघांनी एकमेकांच्या घरातल्या माणसांची, गायींची आणि भाताची चौकशी केली. मृतांचीही केली असती, पण माझी भाची फारा मध्येच म्हणाली, "आजोबा, ऊन चढतंय."

मग प्रश्न आला, गाडीत मानाची जागा कुठली? घरात असते तशी ईशान्येची, यावर दोघांचं एकमत. आम्ही निघालो पश्चिमेला, म्हणजे ईशान्य आली मागच्या सीटवर उजवीकडे. तिथे कोणी बसायचं यावर दोघांनी एकेक लहानसं भाषण केलं. शेवटी काका बसले. अंद्रैकिबाचं तळं मागे टाकून गाडी दक्षिणेला वळली, तशी ईशान्य डावीकडे सरकली. काका म्हणाले, "थांबव रे." उतरले, बाबांना उतरवलं, जागा बदलल्या. त्या रस्त्याला किती वळणं आहेत ते तुला माहीत आहे. हेरी बिचारा दर वळणाला निमूट ब्रेक दाबत होता. फारा मात्र खिडकीकडे तोंड करून हसत होती, तिचे खांदे हलताना मला दिसत होते.

बाकी दिवस सुरेख गेला. घाई कुणालाच नव्हती. बाबा प्रत्येक ओळखीच्या कबरीपाशी गाडी थांबवून हॅट काढत होते, आणि त्यांच्या ओळखीची नाही अशी कबर त्या डोंगरात नाही. भात कापून झालाय, वाफ्यांत बदकं सोडलीयत, विटांच्या घरांच्या सज्ज्यांवर मक्याची कणसं लटकलीयत. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती.

दुपारी त्रित्रिवाला पोचलो. त्या तळ्यावर डुकराचं मांस नेणं फादी, पूर्वजांनीच मना केलेलं, म्हणून मी कोंबडा केला होता. भात, गाजराची कोशिंबीर, थर्मासमध्ये करपवलेल्या भाताचं गरम पाणी. चटई अंथरली तर ईशान्येचा कोपरा नेमका कड्यावर आला, खाली थेट हिरवं काळं पाणी. मानाचा माणूस जेवता जेवता तळ्यात जायचा, म्हणून चटई फिरवून घेतली.

एक किरकोळ गोष्ट. कोंबड्याचं बूड, वडीलधाऱ्याला वाढायचं, आपलं मानाचं, ते गडबडीत हातातून निसटून तळ्यात गेलं. कोणाची चूक नाही, वारा होता. काका काही बोलले तर मनावर घेऊ नकोस.

येताना काकांनी वाटेवरून गाजरं घेतली. पोचली असतील.

तुझी,
बाकुली

ता. क. परतीच्या वाटेवर तोंड पूर्वेला, म्हणजे ईशान्य आली पुढे डावीकडे, थेट ड्रायव्हरच्या सीटवर. हेरीला गाडी चालवू द्यावी की नाही यावर बराच वेळ विचार झाला.


ताना,
१० जून

प्रिय बाकुली,

गाजरं पोचली. दोन पोती. गेले चार दिवस आम्ही गाजराचं सार, गाजराची भाजी आणि गाजराचं लोणचं खातोय. काकांना कोणी सांगितलं होतं की प्रवासाहून रिकाम्या हाताने येऊ नये म्हणजे अख्खं शेत उचलून आणावं?

आता मुद्द्यावर ये. वारा म्हणे. चांगलं मूठभर मांसाचं बूड उडवून नेईल असा वारा त्या दिवशी सुटला असता, तर आधी काकांची हॅट गेली असती.

मी काकांना विचारलं. ते म्हणाले, "घारीने नेलं, सूनबाई. आकाशातून झेपावली आणि नेलं." हाताने घार करून दाखवली. मी हेरीला विचारलं. तो म्हणाला, "कुत्र्याने." कुठल्या कुत्र्याने? "तिथे एक होता." कुठला रंग? तर म्हणे कुत्र्याच्या रंगाचा.

एक बूड, आणि ते पाण्यात पडलं, आभाळात गेलं आणि कुत्र्याच्या पोटातही गेलं. बाकुली, मी पाय मोडून पडलेय, डोकं शाबूत आहे. तिघांनी मिळून माझ्यापासून काय लपवलंय?

हे मी गंमत म्हणून विचारत नाहीये. काका आले तेव्हापासून गप्प आहेत. ज्या माणसाने माझ्या नवऱ्याच्या अंत्यविधीला इतकं लांबलचक भाषण केलं की पास्टरसाहेब खाली बसले, तो माणूस गप्प बसतो म्हणजे काहीतरी बिनसलंय. मागणी घालायला जायचं तर तेच जाणार. त्यांचं मन नसेल तर माझ्या हेरीचं लग्न तिथेच अडलं. आणि हेरीला फारा नाही मिळाली तर तो काही तळ्यात उडी मारणार नाही, पण हा गुरांचा डॉक्टर जन्मभर गायींशीच बोलत बसेल. तसाही हल्ली तो घरात एक वाक्य धड बोलत नाही.

खरं काय ते लिही.

साहुंद्रा


अंत्सिराबे,
१५ जून

प्रिय साहुंद्रा,

बरं बाई, लिहिते. पण वाचून झाल्यावर चुलीत टाक.

कोंबडा वाढायला घेतला आणि मला एकदम लक्षात आलं, बूड कोणाला द्यायचं हे मी ठरवलंच नाही. जो वयाने मोठा त्याला, हे काय सांगायचं? पण मोठा कोण? दोघांच्याही ओळखपत्रावर जन्म एकाच वर्षाच्या 'सुमारास'. मी आपली ताट मध्ये धरून उभी राहिले आणि म्हटलं, "वडीलधाऱ्यांनी घ्यावं."

तिथे माझं चुकलं. बाबा म्हणाले, "काकांना दे, मी लहान आहे." काका म्हणाले, "छे, टोळधाड आली तेव्हा मी आईच्या पाठीवर बांधलेला होतो." बाबा म्हणाले, "बघा, म्हणजे मोठेच. मी तेव्हा पोटात होतो." काका म्हणाले, "आता नीट आठवतंय. टोळधाडीच्या वर्षी माझ्या आईचं लग्नच ठरलेलं नव्हतं."

मग दोघेही उभे राहिले आणि रीतसर कबारी सुरू झाली, भाषणाला भाषण. आधी क्षमा मागणं, आभाळाची, जमिनीची, पूर्वजांची, तळ्याची. मग आपण किती लहान, किती अडाणी, आपल्याआधी बोलायला किती थोर माणसं आहेत. काका बोलायचे, बाबा उत्तर द्यायचे. जो ऐकेल त्याच्या हातात बूड. एकाने दुसऱ्याच्या हातात द्यायचं, दुसऱ्याने परत. भात गार झाला. हेरी मान खाली घालून चटईच्या काड्या मोजत होता. धुकं वर यायला लागलं.

काका बोलत होते, डोळे मिटून, हात आभाळाकडे. बाबांकडे बूड होतं. काकांनी डोळे उघडले तर बाबांचे हात रिकामे, आणि फाराचे गाल फुगलेले.

हो. खाल्लं तिने. माझ्या भाचीने, शाळेत मुलांना रीतभात शिकवणाऱ्या मास्तरणीने, दोन म्हाताऱ्यांसमोर मानाचं बूड मटकावलं. हाडसुद्धा चोखलं.

काका म्हणाले, "घार." फक्त तेवढंच. हेरी म्हणाला, "कुत्रा." मी तळ्याकडे बोट दाखवलं. मग सगळे भात खायला बसलो.

ती असं का वागली ते सांगत नाही. मी घरी आल्यावर फैलावर घेतली तर म्हणते, "आत्या, सवयीने." ही कसली सवय?

आणि खरी काळजी वेगळीच आहे. बाबा आता लग्नाचं नावच काढू देत नाहीत. म्हणतात, मुलगी अजून लहान आहे. चोवीस वर्षांची घोडी आणि लहान. मला वाटतं ते काकांवर रागावलेत. धाकटं ठरायची चढाओढ ते हरले ना. आईचं लग्नच ठरलेलं नसणं, याच्याहून धाकटं कोण ठरणार? त्रित्रिवाला तळ्यात उडी घेतलेल्या त्या प्रेमिकांची दोन झाडं एकमेकांना मिठी मारून उभी आहेत ना, त्यांच्यासमोर फारा मुद्दाम म्हणाली, "आजोबा, यांच्याही घरच्यांनी नाहीच म्हटलं होतं." बाबांनी हॅट डोळ्यांवर ओढली आणि गाडीकडे चालू लागले.

तुला सून म्हणून अशी पोरगी नको असेल तर तसं कळव. मी समजून घेईन.

बाकुली


ताना,
२० जून

प्रिय बाकुली,

तुझं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा मी चिडले. बूड खाणारी सून. उद्या ती माझ्या ताटातलं उचलेल. तुला तसं चार कडक शब्दांत लिहायलाही बसले होते. काठी टेकत काका आले, कोणाला लिहितेस म्हणाले. मी म्हटलं, तुमच्या घारीला.

काका खाली बसले. बराच वेळ हॅट फिरवत राहिले. मग म्हणाले, "सूनबाई, माझे डोळे पूर्ण मिटलेले नव्हते. भाषण करणाऱ्याने समोरच्याचे हात नेहमी बघायचे असतात."

त्यांनी जे पाहिलं ते सांगते. तुझ्या बाबांचा हात पाठीमागे गेला. फारा त्यांच्या डाव्या बाजूला, जरा मागे बसली होती. तिने बघितलंसुद्धा नाही. हात पुढे केला, घेतलं, तोंडात टाकलं. "अगदी अशी," काका म्हणाले, "जशी लहान मुलं शेंगदाणे खातात. तो हात काही पहिल्यांदा मागे गेला नव्हता."

म्हणून ते घार म्हणाले. म्हाताऱ्याची लाज राखायला. आणि तेव्हापासून गप्प आहेत कारण त्यांना कळत नाहीये की अशा घरी मागणी घालताना भाषणात काय म्हणावं. त्यांच्या सगळ्या भाषणांत म्हणींवर म्हणी आहेत, पण या प्रसंगाला एकही बसत नाही म्हणे.

मी विचारलं, तुम्हाला राग नाही आला? तर काकांनी तोंड उघडून दाखवलं. खाली दोन दात, वर एकही नाही. गेली कित्येक वर्षं घरोघरी वाढलेलं प्रत्येक बूड ते रुमालात गुंडाळून घरी आणतात आणि कुत्र्याला घालतात. हे त्यांनी मला आज सांगितलं. आमचा कुत्रा असा मानकऱ्यासारखा का चालतो ते मला आत्ता कळलं.

तेव्हा रागाचं खूळ डोक्यातून काढ. बाबांना जाऊन विचार, सरळ. आपण बायका इकडे उगीच पत्रं लिहितोय.

साहुंद्रा


अंत्सिराबे,
२६ जून

प्रिय साहुंद्रा,

विचारलं.

रविवारी चर्चहून परस्पर त्यांच्याकडे गेले. फारा मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. बाबा पूर्वेकडच्या खिडकीत उन्हाला बसले होते. मी म्हटलं, "बाबा, बूड तुम्ही दिलंत तिला."

आधी म्हणाले, "वारा होता." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बस."

भाऊ आणि वहिनी गेले आणि ही एवढीशी पोर त्यांच्याकडे आली ते दिवस मला आठवतात, पण मी तेव्हा सासरी, माझ्या पदरात माझी दोन. मी फक्त येऊन जाऊन होते. पोर जेवायची नाही. भाताला हात लावायची नाही. मग एका रविवारी त्यांनी आपल्या ताटातलं बूड हळूच पाठीमागून तिला दिलं. चोरून दिलं म्हणून तिने खाल्लं. आईला कळलं असतं तर तिने त्यांना घराबाहेर काढलं असतं, वडीलधाऱ्याचा मान पोरीच्या तोंडात म्हणून. त्या दिवसापासून ती जेवायला लागली. आई गेली, पोरगी मोठी झाली, मास्तरीण झाली, तरी दर रविवारी फारा मोठ्या आदराने त्यांना बूड वाढते आणि ते पाठीमागून तिला परत देतात. दोघं त्यावर कधी एक शब्दही बोलले नाहीत.

मी म्हटलं, "माझ्या लहानपणी नाही कधी दिलंत मला." म्हणाले, "तेव्हा मला दात होते."

पण मग ते जे म्हणाले ते तुला जसंच्या तसं लिहिते. "तुझ्या मैत्रिणीचा मुलगा चांगला आहे. इतक्या वळणांवर गाडी थांबवली, एकदा कपाळाला आठी नाही. पण तो तिला तानाला नेणार. मग रविवारी कोंबडा करून मी काय करू? माझा हात मागे जाईल, बाकुली, आणि तिथे कोणी नसेल."

साहुंद्रा, मी तिथेच रडले. काकांवर राग नव्हता, धाकटेपणाची हार नव्हती, काही नव्हतं. आम्ही सगळे किती मूर्ख.

मी तुझ्याकडे काही मागत नाही. तुलाही एकच मुलगा आहे, आणि तुझा नवरा गेल्यापासून घरात दुसरं कोण आहे ते मला माहीत आहे. फक्त खरं काय ते लिही म्हणाली होतीस म्हणून लिहिलं.

बाकुली


ताना,
४ जुलै

प्रिय बाकुली,

तुझं पत्र येऊन आठवडा होत आला. उत्तर द्यायला उशीर केला कारण मला वाईट वाटत होतं, आणि तुला ते दिसू नये असंही वाटत होतं.

तू काही मागत नाहीस असं लिहिलंस. शाळेतही तू असंच करायचीस. माझ्या आंब्याकडे बघायची नाहीस, एवढं जोरात बघायची नाहीस की मला अर्धा द्यावाच लागायचा.

मी हेरीला समोर बसवलं. म्हटलं, त्या अंत्सिराबेच्या दुधवाल्यांना गुरांचा डॉक्टर हवाय असं तू मागे एकदा म्हणाला होतास, ते खरं का? तो म्हणाला, "हो. पण मी नाही म्हणून कळवणार आहे." का? तर म्हणे, "तू एकटी पडशील, आई." एवढं वाक्य तो महिन्याभरात प्रथमच बोलला. म्हणून गप्प होता तो. फाराला नाही म्हणायचं की मला, याचा हिशेब पोरगं एकटंच करत बसलं होतं.

मी त्याला सांगितलं, माझा पाय मोडलाय, मी अजून मोडलेली नाही. जा आणि ती नोकरी घे.

हे मी फार थोर मनाने केलं असं समजू नकोस. बोलून झाल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन त्या मेल्या गाजरांवर सुरी चालवत बसले होते. अजून दुखतंय, आणि मी पायाबद्दल बोलत नाहीये.

काका पुढच्या महिन्यात रीतसर मागणी घालायला येतील. भाषण तयार झालंय. आमच्या कुत्र्यासमोर रोज सराव चालतो. बाबांना सांग, मागणीच्या वेळी मेंढीचा मागला भाग द्यायची तेवढी रीत पाळू, कोंबडीच्या बाबतीत मात्र ज्याला जे करायचं ते करू द्या. आणि गाडीतली जागा आधीच ठरवून ठेवा.

साहुंद्रा


ताना,
११ नोव्हेंबर

प्रिय बाकुली,

लग्नाचा थकवा गेला. काकांचं भाषण अजून संपलेलं नाही असं मला स्वप्नात वाटतं. 'घार' हा शब्द आला तेव्हा तुझे बाबा जे हसले, तसं हसणं मी त्या वयाच्या माणसाचं पाहिलं नाही.

काल रविवार. सवयीने कोंबडा केला. पान एकच. काका गावी गेलेत. बूड माझ्याच ताटात आलं, कारण मीच वाढलं. इतकी वर्षं हेरी वाढायचा, दोन्ही हातांनी, मान झुकवून. मी नेहमी म्हणायचे, कशाला रे, आणि घ्यायचे.

मी इकडे तिकडे बघितलं आणि तोंडात टाकलं. बाकुली, तुला म्हणून सांगते, ते मला कधीच आवडलेलं नाही. नुसती चरबी. पण काल गिळवेना ते चरबीमुळे नाही.

पोरांना हे कळवू नकोस. बाबांना तर मुळीच नको.

साहुंद्रा


अंत्सिराबे,
१६ नोव्हेंबर

प्रिय साहुंद्रा,

बाबांना मी पत्र वाचून दाखवलं. रागाव हवं तर.

शेवटच्या ओळी मात्र गाळल्या. तुला ते आवडत नाही हे त्यांना कळता कामा नये, आणि का ते पुढे येतंच.

ऐकून ते खिडकीत गेले. थोड्या वेळाने हाक मारून म्हणाले, "तुझ्या मैत्रिणीला लिही, चोवीस तारखेच्या रविवारी सकाळच्या ब्रूस टॅक्सीने निघ म्हणावं. हेरी स्टॅंडवर न्यायला येईल. फारा कोंबडा करतेय. बूड मला वाढतील, रीत आहे. तिला सांग, माझ्या डाव्या बाजूला बस, जराशी मागे."

तर ये. आणि काही झालं तरी गिळ.

बाकुली